फवारलेल्या वावरातली भाजी

मी चार दिवसांसाठी निघाले तरी बिऱ्हाड हलवल्यासारखी निघते. पुण्याहून वाशीमच्या गाडीत बसताना माझ्याकडे तीन पिशव्या, एक डबा आणि गुडघ्याचा पट्टा होता. नीमाकडे पाठीवरची एक सॅक होती आणि वर माझी एक पिशवीही तिनेच धरली होती.

नीमा केनियाची. पुण्यात समाजशास्त्र शिकते आणि दोन वर्षांपासून आमच्या मागच्या खोलीत राहते. तिची आई तिकडे गुलाबाच्या मोठ्या काचघरांत मजुरीला जाते, त्यामुळे नीमानं अभ्यासाला विषय घेतला तोही शेतमजूर बायांचा. त्या बाया तिला जवळून पाहायच्या होत्या. माझं सासर वाशीम जिल्ह्यात, शिरपूरजवळच्या एका खेड्यात. आमचे हे म्हणाले, "गजाननकडे घेऊन जा तिला. पाहिजे तेवढी शेती दाखवेल." आणि पाण्याची टाकी धुवायची आहे असं सांगून स्वतः घरी राहिले. ती टाकी गेली तीन वर्षं आमचा कुठलाही प्रवास निघाला की धुवायला येते.

निघताना मला एकच जबाबदारी मिळाली होती. परदेशी विद्यार्थ्यांना इथं येतानाच बजावलेलं असतं की मोर्चा, धरणं, आंदोलन यांच्या आसपास फिरकायचं नाही. व्हिसा रद्द झाला तर शिक्षण अर्ध्यावर टाकून परत जावं लागतं. "तिला सांभाळ," हे म्हणाले. मी म्हटलं, आपल्या गजाननभाऊजींच्या गावात आंदोलन कसलं होतंय!

वाशीमच्या स्टँडवर सकाळी उतरून आम्ही गरम आलूबोंडे खाल्ले आणि शिरपूरच्या एसटीत बसलो. शेजारच्या आजीबाईंनी नीमाला पायापासून केसांपर्यंत पाहून घेतलं आणि चौकशी माझ्याकडे केली.

"कोन्या गावची हो पोरगी?"

"केनियाची."

"कुठं आलं ते? पुन्याच्या पलीकडं?"

"बरंच पलीकडं, आजी."

"लगन झालं का?"

"अजून नाही, आजी," नीमा मराठीत म्हणाली. अर्धी एसटी वळून पाहायला लागली. आजीबाईंनी लगेच पदराची गाठ सोडून तिला फुटाणे दिले. मला दिले नाहीत.

शिरपूरला उतरल्यावर जुन्या जैन मंदिरात डोकावलो. बाहेर उन्हाचा चटका होता, आत दगड गार होता. गुजरातेतून आलेल्या यात्रेकरूंची एक रांग शांतपणे पुढं सरकत होती. दर्शन घेऊन बाहेर आलो तर गजाननभाऊजी मोटरसायकल घेऊन हजर. नीमा त्यांच्या मागे बसून भुर्रकन गेली. मी आणि माझ्या पिशव्या ऑटोनं मागून पोचलो.

जाऊबाई सुनंदानं ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता. भाजीवर सांबार (म्हणजे कोथिंबीर, इथं सांबार मागितला तर इडली मिळत नाही) मोकळ्या हातानं पेरला होता. नीमानं ठेचा डोळ्यांत टिपूसही न आणता संपवला. मी या घरची सून होऊन पंचवीस वर्षांहून जास्त काळ झाला, तरी त्या ठेच्यापुढं मला तांब्याभर पाणी लागतं. "पाव्हनी कोन अन् घरची कोन, समजून नाही राह्यलं," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वावरात (शेतात) गेलो. श्रावणातलं ऊन, गुडघ्याएवढं सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. निंदणाला, म्हणजे तण काढायला, बायांची टोळी येणार होती आणि ती आलेलीही होती. फक्त एकही बाई आत नव्हती. सगळ्या धुऱ्यावर (बांधावर) ओळीनं बसल्या होत्या. विळे पुढ्यात ठेवलेले. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. बस थांब्यावर बसावं तशा बसलेल्या.

"हे काय आता?" भाऊजींनी गाडी लावता लावता विचारलं.

टोळीची पुढारी वच्छलाबाई, साठीच्या आतबाहेरची, कोरीव चेहऱ्याची. ती बसल्या जागेवरून बोलली. "काल दुपारी अळीचं औषध फवारलं ना भाऊ तुमी? आज आमी आत नाही येत. उद्याही नाही. परवा येतो."

"वाळलं ना ते! काही होत नाही."

"मागच्या हप्त्यात नाल्याच्या वावरात बी तुमी हेच बोलले होते. मंग रोशनीचं काय झालं?"

रोशनी म्हणजे वच्छलाबाईची सून. ती शेजारीच बसली होती, मांडीवर अंगावर पिणारं लेकरू. आदल्या आठवड्यात भाऊजींच्याच दुसऱ्या वावरात फवारणीच्या दुसऱ्या दिवशी ती निंदायला गेली होती आणि उलट्या होऊन तिथंच पडली होती. दोन दिवस सलाईनवर होती. डॉक्टरांनी लेकराला पाजायलाही मना केलं होतं. आता पुन्हा कामावर येणं भाग होतं, आणि औषधाच्या वावरात पाय टाकायची तिची छाती होत नव्हती.

"दवाखान्यात कोनं नेलं मंग? मीच नेलं ना गाडीवर?" भाऊजी दुखावले. ते खोटं बोलत नव्हते. सलाईन संपेपर्यंत ते तिथं बसून होते, हे मला सुनंदानं सांगितलं होतं.

"नेलं ना. नाही कोन म्हनते?" वच्छलाबाई म्हणाली. "पन नेयाचं काम कायले पडलं?"

मला मात्र नीमाची काळजी लागली. हे धरणंच होतं की! मी तिचा दंड धरून तिला धुऱ्यापासून दूर, बाभळीखाली नेऊन बसवलं. ती बसली, पण नजर तिकडंच.

वच्छलाबाईला ते दिसलं. "ती पोरगी काहून तिकडं बसली? आमचा वास येऊन राह्यला का तिले?"

मी जाऊन व्हिसाचं सगळं समजावलं. आंदोलनात बसलेली दिसली तर शिक्षण सोडून घरी जावं लागेल, तिची आईही अशीच मजुरीला जाते, वगैरे.

वच्छलाबाईनं क्षणभर विचार केला. "मंग बसू दे तिले झाडाखालीच. तिच्या वाटचं आमी बसतो. आमाले कोन कुठं धाडते? आमचं घर हे इथंच हाये."

बाया हसल्या. रोशनीही हसली. भाऊजी हसले नाहीत. "दोन दिवसांत पानी येऊन राह्यलं. चिखल झाला का निंदन गेलं. तुमी नाही येत तं मी पलीकडच्या गावची टोळी बलावतो." त्यांनी फोन काढला.  पलीकडच्या गावची टोळी आली तर आजचं काम गेलंच, पुढच्या हंगामाचंही गेलं, हे बायांना ठाऊक होतं. रोशनीनं लेकराला पदराखाली घेतलं आणि सासूकडं पाहिलं. सासू समोर सोयाबीनकडं पाहत राहिली. कोणी उठलं नाही.

अशा वेळी शहाण्या माणसानं मध्यस्थी करावी. मला काही सुचेना. मी अवघडले की माझे हात काहीतरी काम शोधतात. आमच्याकडे भांडण झालं की कोथिंबीर निवडली जाते. समोर तुरीच्या ओळीत तरोट्याची कोवळी रोपं दिसली. तरोटा ही इकडची पावसाळ्यातली रानभाजी, पुण्यात मिळत नाही, आणि ह्यांना फार आवडते. म्हटलं, भाऊजींचं फोनवर बोलणं होईपर्यंत मूठभर खुडून घ्यावी. फवारल्याचं तेवढ्यात डोक्यातून पार गेलं होतं. पदर खोचला, चप्पल काढली आणि धुऱ्यावरून एक पाय खाली टाकला.

"वहिनी!" भाऊजी असे ओरडले की माझा तोल गेला. "पाय नका टाकू आत! काल फवारलं हाये!"

एक पाय धुऱ्यावर, एक हवेत आणि हात वच्छलाबाईच्या खांद्यावर, अशा अवस्थेत मी थांबले. भाऊजींच्या कानाला फोन तसाच होता. पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

 भाऊजींच्या तोंडावरचा रंग बदलत गेला तो सगळ्यांनी पाहिला. मग ओळीच्या टोकाकडून एक बाई बारीक आवाजात म्हणाली, "काहून भाऊ? वाळलं ना ते?"

आणि मग धुरा हसत सुटला. वच्छलाबाईनं मला धरून खाली बसवलं. "बसा बाई. आता तुमी बी आमच्यातल्याच."

भाऊजींनी फोन खिशात टाकला. बराच वेळ चपलेनं ढेकूळ फोडत राहिले. "परवा या," ते म्हणाले. "पन सकाळी लवकर या."

"या वावराचं झालं," वच्छलाबाई म्हणाली. "फुडच्या वावराचं काय? आमाले कसं समजावं, कधी फवारलं ते?"

आता काम उरलं नव्हतं, तेव्हा सगळ्याच बाभळीखाली आल्या. धरणं संपलं असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि नीमाला बोलायची परवानगी दिली. ती म्हणाली, "माझी आई जिथं काम करते तिथं फवारल्यावर दारावर लाल फडकं लावतात. ते काढेपर्यंत कोणी आत जात नाही."

वच्छलाबाईनं हात जोडले. "लाल नको माय! आमच्या मानसायनं देव सोडले, अन् इथं लाल फडकं लावलं का आठ दिवसांत कोनी तरी नारळ फोडीन. मंग ते वावर कायमचंच बंद."

"निळं लावा," एक जण म्हणाली.

"मंग म्हनतीन, वावरात सभा हाये."

"पांढरं?"

"कोन मेलं म्हनून इचारत येतीन."

"हिरवं?"

"सोयाबीनमंदी हिरवं! तुले तरी दिसंल का?"

तेवढ्यात सुनंदा भाकरी घेऊन आली. तिला सगळी हकिकत सांगितली, माझ्या हवेतल्या पायासकट. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ह्यायचं फवारनीचं शर्टच टांगा ना काठीले. घरात नाही घेत मी ते. हात बी नाही लावत; काठीनं उचला लागते, येवढा त्याचा वास. गावात सारे वळखतेत ते शर्ट."

"माझ्या शर्टाची इज्जत काढता का आता?" भाऊजी म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. वच्छलाबाईला कल्पना पटली. तिनं एकच अट घातली: शर्ट मालकानंच काढायचा, आणि काढल्यावर पहिला पाय मालकाचा.

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. पाऊस अजून आला नव्हता. भाऊजींनी काठीवरचा शर्ट उतरवला, गाडीला अडकवला आणि एकटेच वावरात शिरले. एक तास (ओळ) धरून पार दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. बाया धुऱ्यावर उभ्या राहून पाहत होत्या. कोणी टिंगल केली नाही. ते बाहेर आल्यावर रोशनीनं लेकरू झाडाखाली झोळीत ठेवलं, विळा उचलला आणि सगळ्यांच्या आधी आत गेली.

नीमाला मी तेव्हा अडवलं नाही. निंदण हे काही आंदोलन नव्हे. तिनं दिवसभर काम केलं आणि मी झोळी हलवली.

परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "काकू, मी आंदोलनात होते का?"

"छे! तू झाडाखाली होतीस."

"आणि तुम्ही?"

"मी भाजी खुडायला गेले होते."

वाशीमकडचं मालेगाव गेल्यावर तिनं पुन्हा विचारलं, "गजाननकाकांनी तुम्हाला लगेच थांबवलं. मागच्या आठवड्यात रोशनीला का नाही थांबवलं?"

"अगं, मी त्यांची वहिनी आहे," मी म्हटलं.

मेहकर येईपर्यंत मला हे उत्तर पुरेसं वाटत होतं. भाऊजी वाईट माणूस नाहीत, ओरडले ते जिवाच्या आकांतानं ओरडले. तो आवाज त्यांच्याकडे आधीपासून होता. रोशनी आत शिरताना तो निघाला नव्हता, एवढंच. मेहकरच्या पुढं दोन्ही बाजूंना सोयाबीन होतं आणि जागोजागी निंदणाला वाकलेल्या पाठी. खिडकीतून हाक मारावी असं वाटत होतं. पण कुठल्या वावरात काल काय फवारलं होतं, ते मला कुठं माहीत होतं?