रेघेखालची वस्ती

जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा मधली रेघ ओढली ती नकाशेकाकांनी. सरकारने नुसतं ठरवलं. ठरवायला काय, जीभ हलवली की झालं. रेघ ओढायला मान मोडावी लागते. आणि काकांची मान तर नोकरीतल्या पहिल्या साहेबापासूनच वाकलेली.

सध्याच्या साहेबांना खुर्चीतून न उठता कारभार करायची हातोटी होती. "काका, रेघ जरा ठसठशीत काढा, इथून दिसली पाहिजे," ते म्हणाले. काकांनी निमूट जाड ब्रश घेतला. पण भिंतीवरच्या नकाशातली ठसठशीत रेघ जमिनीवर चांगली अर्धा कोस रुंद होते. त्या अर्ध्या कोसात माळावरची एक वस्ती टिंबासकट गडप झाली. दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत हाच नकाशा टांगलेला, आणि टँकर कुठे धाडायचा ते भिंतीकडे बघूनच ठरायचं. जे भिंतीवर नाही, त्याला तहान नाही.

त्या वस्तीत काकांची थोरली बहीण नांदत होती.

आक्का एका दुपारी कचेरीत आली, स्टुलावर बसली आणि पदराने वारा घेत म्हणाली, "बाळ्या, मी राहते कुठे रे?"

बाळ्या निवृत्तीला टेकला होता. "असं काय विचारतेस, आक्का?"

"इकडचा टँकरवाला म्हणतो तुम्ही तिकडचे, तिकडचा म्हणतो तुम्ही इकडचे. सून बाळंतीण आहे. टेकडीखालून कळशी मी आणते, या गुडघ्यांनी."

काकांनी भिंग घेऊन नकाशाला नाक लावलं.

"तू रेघेखाली आहेस," ते म्हणाले.

"म्हणजे पुरलंस मला."

"झाकली गेलीस, आक्का."

"पुरलेल्याला त्यातला फरक कळत नाही."

काका साहेबांकडे गेले. साहेबांनी सुस्कारा सोडला. "हुकमात रेघ 'माळावरून' जावी, एवढंच आहे. बहीण तुमची ना? मग घ्या आपल्याकडे. निदान तुमच्या शब्दाला इथे वजन आहे."

वजन कसलं, शिपाईसुद्धा त्यांना चहा शेवटी द्यायचा. तरी काकांना मोह झाला. बहीण आपल्या हद्दीत, आपल्या नजरेखाली. त्यांनी बाहेर येऊन आक्काला तसं सांगितलं.

"पाणी लवकर कुठून येईल?" आक्काने विचारलं.

काका घुटमळले. इकडची टाकी घाटापलीकडे होती. "तिकडून."

"मग तिकडे टाक. तुझं तोंड बघून माझा घसा ओला होणार आहे का?"

काकांनी ब्लेडने रेघ खरवडली, बारीक केली, टिंब वर काढून पलीकडे ठेवलं. मग एसटीत उभ्याने हेलपाटा घालून दुसऱ्या कचेरीतल्या भिंतीवर तेच केलं. घरी आले तेव्हा मान वळत नव्हती. बायकोने जेवायला हाक मारली तर अख्खे काका वळले.

चार-पाच दिवसांनी आक्काचा फोन आला. "आला रे टँकर. पिंपं भरली."

"बरं झालं," काका म्हणाले. "आता तू दुसऱ्या जिल्ह्याची. काही अडलं तर तिकडच्याच कचेरीत जावं लागेल तुला."

"जाईन. तिथला नकाशेवाला तरी धडधाकट आहे का?"

"तिथे ती जागाच भरलेली नाही, आक्का. तिथलंही मीच करतो."

आक्का म्हणाली, "मग मानेला तेल लाव आणि झोप. पलीकडच्या वस्तीवाल्या उद्या तुझ्याकडेच यायच्या म्हणतायत, त्यांनाही टिंब सरकवून हवंय."