बर्फातली सवत

फोन आला तेव्हा मी दोह्यातल्या अल मन्सूरा भागात, किराणा दुकानात अळूची पानं निवडत होते. शेखर, माझा नवरा, ऑफिसात कोसळला होता... हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या सकाळी दारात बूट चढवताना तो म्हणाला होता, "तिकडे आता सूर्य मावळतच नसेल." माझ्याकडे न बघता लिफ्टमध्ये शिरला. इतक्या वर्षांचा संसार, आणि शेवटचं वाक्य माझ्या सवतीबद्दल!

सवत म्हणजे ग्रीनलँडच्या ईशान्येचं राष्ट्रीय उद्यान. जगातलं सगळ्यात मोठं. तिथे गाव नाही, वस्ती नाही. हिमनद्या, अस्वलं आणि केसाळ कस्तुरी-बैल. उद्यान म्हटलं की मला आपली बाकं आणि भेळ आठवते. गॅस कंपनीत राबणारा हा नाशिककर घरी आला की त्या बर्फाचे नकाशे उघडून बसायचा. मैत्रिणी चिडवायच्या, "नकाशाच आहे गं, बाई तर नाही ना!" बाई परवडली असती. तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

एका वर्षी तिकडे जाणारी बोटीची सहल निघाली. नेमकी आमच्या लेकीची, मुक्ताची, कॉलेजची ॲडमिशन. मी म्हटलं, "तू जाऊन ये, मी बघते इथलं." आता आपल्याकडे याचा अर्थ काय? समोरच्यानं दोनदा आग्रह करायचा, "तुझ्याशिवाय काय मजा" म्हणायचं, मग आपण विरघळायचं. शेखर म्हणाला, "खरंच?" आणि संध्याकाळी लोकरी मोजे घेऊन आला. पंगतीत एकदा "नको" ऐकलं की पुढे सरकणारा वाढपी!

परतला तो उजळून. इतकं आनंदी मी त्याला आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

"बर्फाचा कडा तुटताना आधी दिसतं, आवाज मागून येतो... कसं सांगू तुला?"

"नकोच सांगू," मी म्हटलं.

तेही त्याला खरंच वाटलं. पुन्हा त्यानं तो विषय माझ्यापाशी काढला नाही.

परवा फरीज बिन ओमरानच्या आमच्या फ्लॅटमधलं कपाट आवरायला घेतलं. मुक्तानं शेखरचं ग्रीनलँडच्या सहलीतलं जाडजूड जॅकेट बाहेर ओढलं. "आई, हू विल वेअर धिस इन दोहा? लेट्स गिव्ह इट अवे."

"राहू दे."

त्या थंडीत त्याला लपेटून हे होतं, मी नव्हते. मुक्ता खाली गेल्यावर ते अंगात घातलं, चेन हनुवटीपर्यंत ओढली. एसी बंद होता. घामाच्या धारा लागल्या, तरी काढवेना.

"हं, सांग," मी म्हटलं, "मग काय झालं?"