दोन दीर्घिका आणि कचऱ्याची पिशवी

आमच्या कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर रविवारी सकाळी व्याख्यान असतं. व्याख्यान म्हणजे काय, तर कोणीतरी रिटायर्ड गृहस्थ तासभर मधुमेहावर बोलतात आणि ऐकणारे उठून जिलेबी खातात. आम्ही बायकांनी तर्री-पोहे करायचे आणि मागच्या खुर्च्यांवर बसायचं. बोलायला आजवर एकही बाई उभी राहिली नव्हती. मी सचिवांच्या इतकी मागे लागले की ते भर सभेत वैतागून म्हणाले, "घ्या ताई, एक रविवार घ्या. जमलं तर महिन्यातला एक रविवार बायकांले देऊन टाकू. नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढाचा नाही."

म्हणजे माझ्या एका तासावर साऱ्या जणींचे रविवार टांगलेले!

विषय मी घेतला दीर्घिकांचा. शिक्षण माझं दहावी. पण वाचनालयातली आकाशाची पुस्तकं मी दोन-दोनदा वाचली आहेत; दुसऱ्या वेळी कळली. मोबाईलवरून एका जोडीची दोन चित्रं काढली आणि फ्लेक्सवाल्याकडून मोठी छापून आणून शनिवारीच हॉलमध्ये लावली. दोन सर्पिल दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या दोन भिंगऱ्या, इतक्या जवळ आलेल्या की एकीचा पदर दुसरीकडे ओढला गेलाय. पहिलं चित्र आपल्या डोळ्यांच्या उजेडातलं, निळसर, मध्येमध्ये धुळीच्या काळ्या रेघा. दुसरं त्याच दोघींचं, पण अवरक्त उजेडातलं, म्हणजे जो डोळ्याला दिसत नाही, कातडीला ऊब होऊन कळतो. त्यात तीच काळी धूळ लालभडक पेटून उठलेली.

रविवारी हॉलवर जाते तर काय! चित्रांखाली सचिवांच्या अक्षरात दोन पाट्या. 'टकरीपूर्वी' आणि 'टकरीनंतर'.

आता आमच्या मंडळाची रीतच तशी आहे. दोन फोटो शेजारी लागले की ते आधीचे-नंतरचेच. हॉलच्या रंगकामाचे, बगिच्याचे, आणि सचिवांच्या पोटाचे, योगापूर्वी व योगानंतर. पोटातला फरक मला अजून दिसलेला नाही, ते सोडा.

"भाऊ, हे काय चिकटवून ठेवलं?"

"तुम्ही लिहाले विसरल्या होत्या ताई, म्हणून मीच लिहून टाकलं. पहिल्यात शांत आहेत, दुसऱ्यात आग लागून राहिली. लहान लेकराले पण समजते."

"अशी टक्कर संपायला कोट्यवधी वर्षं लागतात. आधीचा फोटो काढाले कोण बसलं होतं? तुमचे पणजोबा?"

"मी बीएस्सी आहे, ताई," ते म्हणाले. झालं! पन्नास वर्षांपूर्वी खाल्लेल्या जेवणाचा ढेकर माणूस अजून देतो. "पाट्या राहतील. नाहीतर कार्यक्रम कॅन्सल."

शेजारीण माझा पदर ओढायला लागली. "राहू दे ना वं माय. रविवार तं भेटून राहिला ना? धूळ पेटली काय नि नाही काय, आपल्याले काय करायचं?"

खरं सांगते, मी डगमगले. ही बाई तीन आठवड्यांपासून तिच्या भाषणाचा कागद पर्समध्ये घेऊन फिरत होती. माझ्या हट्टापायी तिचा कागद तिथंच राहिला असता. पण पहिल्याच रविवारी खोट्या पाटीखाली उभं राहायचं, तर मग त्या मधुमेहवाल्यांनी काय वाईट केलं होतं? पाट्या हाताने नाही, बोलूनच उतरवायच्या असं ठरवून मी त्या तूर्त तशाच राहू दिल्या आणि बोलायला उभी राहिले.

माझा मुलगा हिंगण्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. कुठली मोटर तापली ते दाखवणारा कॅमेरा त्यांच्याकडे असतो. साहेबांना विचारून तो मी आणवला होता, आणि मुलाने तो हॉलच्या टीव्हीला जोडून ठेवला होता.

"नागपूरच्या माणसाला अवरक्त काय शिकवायचं?" मी म्हटलं. "मे महिन्यात दिवस मावळल्यावर भिंतीला टेकून बसा. भिंत लाल दिसते का? पण पाठ भाजते की नाही?" पुढच्या रांगेतल्या माना हलल्या. "आता सचिवसाहेब, जरा पुढे या."

मान मिळतोय असं वाटून ते लगबगीनं आले. मी कचऱ्याची पातळ काळी पिशवी उघडून धरली. "हात घाला."

"यात?"

"कोरी आहे, घाला."

हात आत गेला. डोळ्यांना नुसती काळी पिशवी. मुलाने कॅमेरा धरला आणि टीव्हीवर पाचही बोटं निखाऱ्यासारखी उजळली. अंगठीच्या जागी तेवढा काळा पट्टा.

"भाऊ, टीव्हीवरचा हात पिशवीत घालायच्या आधीचा आहे का नंतरचा?"

"आत्ताचाच आहे ना!" ते चिडून बोलले, आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. मागच्या खुर्च्यांवर अशी खसखस पिकली की पंख्याचा आवाज ऐकू येईना. शेजारीण उठली, पुढे आली आणि तिनेच दोन्ही पाट्या ओरबाडून काढल्या.

चूक झाली असं ते म्हणाले का? छे! म्हणाले, "कॅमेरा चांगला आहे." पण इतक्या लोकांपुढे शब्द दिला होता, तेव्हा महिन्यातला दुसरा रविवार बायकांचा म्हणून जाहीर करावाच लागला.

नंतर मंडळाचं रजिस्टर पाहिलं. लिहिलं होतं, 'महिलांतर्फे मनोरंजन: पिशवीचा खेळ.'

"पेन द्या, भाऊ."

"आता काहून? दिला ना रविवार!"

"रविवार दिला, पण पाटी पुन्हा चुकीची लावली."

मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'व्याख्यान.' शेजारणीने पर्समधून कागद काढला, चार घड्या उलगडल्या, आणि पुढच्या महिन्याच्या रकान्यात आपला विषय स्वतःच्या हाताने उतरवायला घेतला. सचिव उभेच होते, पेन परत मिळायची वाट पाहत.