इटारसीच्या पुढचा रस्ता

"कुठल्या रस्त्याने आलात?"

दार उघडल्यावर दिघे नाना 'या, बसा' म्हणत नसत, आधी हे विचारत. आलेला माणूस गावातल्याच पिपलानीहून आलेला असो की ग्वाल्हेरहून, त्याचा रस्ता चुकलेलाच असे. माझे वडील एकदा पुण्याहून आले, ते बिचारे रेल्वेने. त्यांनाही पाण्याचा पेला हातात द्यायच्या आधी ऐकावं लागलं, "रेल्वेतून काय दिसतं हो? दुसऱ्यांच्या घरांच्या मागच्या बाजू!"

नाना सरकारी नोकरीत रस्ते बांधणारे इंजिनिअर होते. मूळ ग्वाल्हेरचे, निवृत्तीनंतर भोपाळला शिवाजी नगरात आमच्या शेजारी येऊन राहिले. माझ्या सासऱ्यांचे ते मित्र, म्हणून मी त्यांची सूनबाई. ग्वाल्हेरपासून बैतूलपर्यंत जाणाऱ्या हमरस्त्याचा इतिहास मराठीत लिहायचा, हा त्यांचा ध्यास होता. पण काचबिंदूने डोळे निकामी होत चालले होते. उरलेली नजर दोन-तीन वर्षं टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेवढ्यात पुस्तक पुरं व्हायला हवं होतं, कारण छापलेलं पुस्तक त्यांना स्वतः वाचायचं होतं. मी शाळेत शिकवणारी, अक्षर बरं, स्वभाव भिडस्त. त्यामुळे दर रविवारी वही घेऊन मी त्यांच्यासमोर बसायला लागले आणि माझे रविवार संपले.

"सूनबाई, लिहा. शिवपुरीच्या पुढे सडक एकदम खराब होती, तर आम्ही लोकांनी तिला ठीक करून घेतली."

मी लिहीत असे, 'शिवपुरीच्या पुढे रस्ता फार वाईट होता, तो आम्ही दुरुस्त केला.' वाचून दाखवलं की नाना मान हलवत. "हे तुमच्या पुण्याचं झालं. पुण्याला आमची सडक जात नाही."

खरं सांगायचं तर मजकूर रंगतदार होता. शिवपुरी, गुना, ब्यावरा करत हा रस्ता भोपाळला येतो, मग नर्मदा ओलांडून इटारसी, आणि तिथून सातपुड्यात शिरून बैतूल. ब्यावऱ्यापर्यंतचा भाग म्हणजे जुना आग्रा-मुंबई रस्ता. त्यावरून फौजा गेल्या, बैलगाड्यांचे तांडे गेले, टपालाचे घोडे गेले. पूर्वी या वाटेच्या तुकड्यांना वेगवेगळे नंबर होते. ते सगळे जोडून सरकारने एकच नवा नंबर दिला, तो नानांनी शेवटपर्यंत तोंडातून काढला नाही. "नंबर बदलला म्हणून खड्डा बदलला का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे मी शाळेतही वापरायला लागले.

पण गाडी इटारसीला पोचली की अडायची. मी वहीचं कोरं पान उलटावं आणि नानांनी म्हणावं, "गुन्याचं एक राहिलं बघा." की आम्ही परत गुन्याला. असं तीनदा झालं. मी इटारसीहून इतक्या वेळा माघारी फिरले की त्या गावाचं नाव काढलं तरी माझं डोकं दुखायचं.

दुसरा वैताग वर्तमानपत्राचा. अपघाताची बातमी त्यांना आधी वाचून दाखवायची. ती बैतूलकडची असली की लगेच प्रश्न, "किलोमीटर कितवा, लिहिलंय का?" एकदा मी भडकलेच. "नाना, माणसं मेलीत, आणि तुम्हाला किलोमीटर सुचतोय!" त्यांनी वर्तमानपत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि त्या दिवशी काहीच सांगितलं नाही.

शेवटी मी निर्वाणीचं बोलले. "इटारसीच्या पुढे सांगणार असाल तर येते, नाहीतर ही घ्या तुमची वही."

त्यांनी वही परत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "तर मग मला तिकडे घेऊन चला. बघितल्याशिवाय माझ्याकडून नाही होणार."

दिवाळी नुकतीच झाली होती. शाळेला सुट्टी होती, मीच गाडी काढली. औबेदुल्लागंजपर्यंत नानांनी मला गाडी कशी चालवायची ते शिकवलं, मी ती वीस वर्षं चालवत असूनही. बाहेरून वळसा घालणारा नवा रस्ता घेतला तर म्हणाले, "गाव टाळून जाते ती काय सडक आहे?" नर्मदेच्या पुलावर त्यांनी हात जोडले. इटारसी मागे पडलं आणि ते बोलायचे थांबले. दोन वर्षं ज्यासाठी देव पाण्यात ठेवले होते ती शांतता मिळाली, आणि मला ती अजिबात आवडली नाही.

शाहपूरच्या अलीकडे ते म्हणाले, "इथे थांबवा."

नवा चौपदरी रस्ता तिथून सरळ गेला होता. बाजूला जुन्या रस्त्याचं एक वळण बेवारस पडलं होतं. डांबरावर मका वाळत घातला होता आणि एक बाई तो पायाने उलटत होती. नानांनी तिला विचारलं, "बाई, यहाँ महुए के दो पेड़ थे न?"

"थे बाबूजी. नई सड़क में कट गए."

"और ये मोड़?"

"बंद हो गया. अच्छा हुआ. बहुत ट्रक पलटे यहाँ."

नाना रस्त्याच्या कडेला खाली बसले. मग हळूहळू सांगू लागले. नोकरीच्या सुरुवातीला रस्त्याची आखणी त्यांच्याकडे होती. रेघ सरळ त्या दोन मोहाच्या झाडांवरून जात होती. एक म्हातारी झाडाला मिठी मारून बसली. मोहाची फुलं वेचून विकायची, त्यावर तिचं घर चालायचं. नानांनी रेघ वाकवली.

"मोड तीखा झाला, मला माहीत होतं. वाटलं, ठीक आहे, गाड्या हळू चालतील. वर कोणी विचारलं नाही, मी पण सांगितलं नाही. पुढच्याच पावसात पहिला ट्रक गेला."

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं सांगायचं होतं तर मला दोन वर्षं गुन्याला का फिरवलं? आणि त्या किलोमीटरवरून मी त्यांना काय बोलले होते, ते आठवून स्वतःचाही आला. रडू आलं ते कशाचं, मला सांगता येणार नाही.

"वही काढा," नाना म्हणाले. मी गाडीच्या टपावर वही ठेवून लिहिलं.

"म्हातारीची दोन झाडं वाचावी म्हणून मी इथे सडक वाकवली. किती माणसं गेली, तो हिशेब माझ्याकडून नाही झाला. चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. आता सडक सरळ झाली. झाडं पण नाही राहिली."

मी थांबले. "आणि बैतूल?"

"पुढे सडक ठीक आहे, सूनबाई. तिथलं कोणीही लिहील. चला घरी."

चैत्रात नाना गेले. डॉक्टरांनी दिलेली मुदत त्यांच्या डोळ्यांनी पाळली असती, हृदयाने पाळली नाही. पुस्तक छापलेलं त्यांनी पाहिलं नाही.

मी वही इथल्या मराठी मंडळात नेऊन दिली. चिटणीसांनी चाळली, शेवटच्या पानावर आले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, नाव ग्वाल्हेर ते बैतूल, आणि बैतूल कुठे आहे? तुम्हीच चार पानं लिहून टाका ना."

मी म्हटलं, पुस्तक पूर्ण आहे. त्यांना ते पटलं नाही. मी वाद घातला नाही, मला स्वतःला ते कळायला दोन वर्षांचे रविवार लागले होते.