वहिनीचा वाटा

पंगत बसली की आमची वहिनी वाढता वाढता मध्येच भाताच्या गंजावरचे झाकण उचलून आत पाही आणि माझ्या आईला हळूच विचारी, "पुरंल ना जी?" कामठ्याच्या आमच्या घरी धानाच्या कोठ्या आढ्याला टेकलेल्या असत. आई प्रथम हसली, मग चिडली, आणि पुढे आल्यागेल्यासमोर म्हणू लागली, "कोठी भरून हाय, आन् हिचा जीव गंजात अडकून रायला."

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती, मीही तेवढाच. थोरला भाऊ अबोल, दिवसभर धानाच्या बांधीत राबणारा. घरात तिच्याशी बोलणारा मी एकटा, तोही शाळेतून परतल्यावर. आमच्या घरचा कायदा असा की पुरुष आधी, मग मुले, मग सासू, आणि ज्या हातांनी रांधले ते हात सर्वांत शेवटी. हा कायदा कोणी केला आणि कोणाच्या संमतीने लागू झाला, हे मी आयुष्यभर विचारत आलो आहे. एकाही शहाण्याने उत्तर दिलेले नाही.

सारखे झाकण कशाला उचलतेस, असे मी एकदा तिला विचारले. ती तांदूळ पाखडत होती. सूप तिने थांबवले नाही. मोठ्या दुष्काळात ती सहा वर्षांची होती. चिचगडकडच्या एका अन्नछत्रात धाकट्या भावाचा हात धरून ती रांगेत उभी राही. दोन दिवस त्यांची पाळी येण्याआधीच गंज खरवडून झाला. "तिसऱ्या दिवशी मी गंजापाशी पोचली, भाऊजी," ती म्हणाली. "तो नाई पोचला."

दुसऱ्या दिवसापासून मी पंगतीआधी तिचा भात एका वाटीत काढून, झाकून, तिला दिसेल असा उतरंडीपाशी ठेवू लागलो. त्या दिवसांत तिने गंजाचे झाकण उचलले नाही. उलट मलाच टोमणा मारला, "शाळा शिकून रायले, आन् काम सासूचं करून रायले." आठवड्याने आईला ती वाटी दिसली. सुनेचे जेवण आधी काढणे हा घराचा अपमान ठरला आणि वाटी बंद झाली.

धानाची रोवणी संपली त्या दिवशी रोवणाऱ्या बायकांना जेवण होते. भात तळाला जाऊ लागला तशी वहिनी थांबली, गंज पोटाशी धरून भिंतीला टेकली आणि कोणी काही म्हटले तरी सोडीना. बायका हसल्या. त्यानंतर ती बोलेनाशी झाली, झोपेनाशी झाली. कोठीकडे तोंड करून नुसती बसे. गावाने लागीर ठरवले, आईने हावरेपणा. ती भीती आहे असे कोणीच म्हटले नाही. ज्याला ठाऊक होते तो गप्प बसला.

वडिलांनी तिच्या मामाला पत्र घातले की पोरीला येऊन घेऊन जावे. माझे अक्षर चांगले, म्हणून लेखणी माझ्या हाती होती. ते 'हावरी' म्हणाले. मी 'उदरलंपट' लिहिले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. पुढे चाळीस वर्षे मी कचेऱ्यांना, शाळांना, जातीच्या पंचांना पत्रे लिहिली, कित्येकांना त्यांच्या एकेका शब्दाचा जाब द्यायला लावला. त्या एका शब्दाचा जाब मला कोणी विचारला नाही. विचारणारी पुढचा पावसाळा पाहण्याआधीच गेली. तापाने गेली, एवढेच मामाने कळवले.

मामा बैलबंडी घेऊन आला त्या दुपारी भात बेताचाच होता. पाहुणा जेवला, आम्ही जेवलो, आई जेवली. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. वहिनीने रिकामा गंज घासून पालथा घातला आणि आपले बोचके उचलले.

ती बंडीत बसल्यावर मी जवळ गेलो. पत्र मी लिहिले, हे मला सांगायचे होते. तिनेच आधी विचारले, "जेवले ना, भाऊजी?"

मी हो म्हणालो.

"मंग पुरला," ती म्हणाली, आणि मामाने बैल हाकले.