लालसूने जुळवलेल्या इंग्रजी सोयरिकी

समजा, तुमच्यापुढे इंग्रजी शब्दांचा ढीग टाकला आणि सांगितलं, यांच्या जोड्या लावा. प्राइस, डिमांड, मार्केट, राइज, फॉल. कोणाला कोणाजवळ बसवाल?

लालसू कुमरेने गोंडांची रीत लावली. त्यांच्यात सोयरीक देवांच्या संख्येवरून ठरते. सारख्याच संख्येचे देव पुजणारी घरं भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. कुरखेड्यापलीकडच्या त्याच्या गावात सातवी पास झालेला तो पहिला. १९५६ साली तो वडशाच्या एका धानगिरणीत पोती शिवायचा आणि सुट्टी झाली की गुणवंतराव गुरुजींकडे नागपूरचा इंग्रजी पेपर उघडून बसायचा. वहीत त्याने ‘प्राइस’ आणि ‘मार्केट’ला सात देव दिले, ‘राइज’ आणि ‘फॉल’ला सहा.

“‘डिमांड’ कोणाच्या घरी देल्ली रे?” गुरुजी विचारत.

“राइजच्या.”

“अन् ‘अनएम्प्लॉयमेंट’?”

“तेही राइजलेच.”

“किती बायका करून राह्यला हा राइज!”

“पाटील हाय गुरुजी तो.”

वैशाखात गावाचा निरोप आला. जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर वडशाला येणार आहेत. सरकारी मिठाच्या दुकानासाठी इंग्रजीत अर्ज लिहून दे. होळीपासून लालसू घरी गेला नव्हता. लिहायला बसला की आई मंगलीची चारोळी फोडून काळवंडलेली बोटंच दिसत. बाजारात ती पायलीभर चारोळी ओतायची आणि व्यापारी तिला पायलीभर मीठ द्यायचा.

अर्जातली चारोळीच्या बदल्यात मिळणाऱ्या मिठाची ओळ वाचताना गुरुजी थांबले. “इथी ‘मार्केट प्राइस’ काऊन नाई लिहिलं?”

“दोघंही सात देवांचे, गुरुजी. भाऊबहीण होतेत.”

गुरुजींना हसू आवरेना. “अरे, इंग्रजाईत चालते!”

लालसूने नाइलाजाने ती जोडी लिहिली. आता पुढे चारोळीच्या भावाचा आकडा हवा होता. गुरुजींनी पेपरातलं बाजारभावाचं पान काढलं. तांदूळ होता, कापूस होता, जवसही होता. चारोळी नव्हती. गिरणीच्या मुनीमालाही ठाऊक नव्हतं. शेवटी जागा कोरी ठेवूनच अर्ज दिला.

साहेबांनी तो स्टेशनात उभ्यानेच वाचला, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “भाव कळवा, मग पाहू,” म्हणाले आणि गाडीत बसले.

गाडी गेल्यावरही लालसू फलाटावर पूर्वेच्या, गावाकडच्या जंगलाकडे तोंड करून उभा राहिला. गुरुजी जवळ आले तेव्हा त्याने हळूच विचारलं,

“गुरुजी, माह्या मायच्या चारोळीले नागपुरात काय भाव भेटते?”