नवरदेवाच्या गाडीचा नंबर

माझ्या नोकरीत मी शेकडो जणांची चौकशी केली, पण मुंडावळ्या बांधलेला संशयित एकदाच समोर बसला. बडोद्यातली ती सकाळ माझ्या मनातून जात नाही.

आमच्याकडे तेव्हा नुकतीच कॅमेऱ्यांची यंत्रणा आली होती. चोरीच्या गाडीचा नंबर संगणकात भरला, की ती गाडी चौकातून जाताच ठाण्यात इशारा मिळे. फतेगंजमधल्या एका शिक्षिकेची पांढरी मोटार चोरीला गेली होती. त्या नंबराचा इशारा आला. नाकाबंदीवरच्या हवालदाराने गाडी अडवली आणि वायरलेसवर हसू दाबत कळवलं, "साहेब, गाडी मळी गई. पण अंदर वरराजा छे!"

ठाण्यात आणलेला नवरदेव प्रतापनगरचा मराठी मुलगा. मुहूर्त जवळ आलेला, घामाने कपाळावरचं गंध ओघळलेलं.

"गाडी कुणाची?"

"मामांची, साहेब."

"कागदपत्रं?"

"त्यांच्याजवळच. ते हॉलवर आहेत. बँडमुळे फोन ऐकू जात नसेल."

चोरीच्या गाडीत सापडलेले बरेच जण मामाचंच नाव सांगतात. पण खोटं बोलणारा पुढचं उत्तर तयार ठेवतो. हा मात्र सारखा "ती फार रागावेल" एवढंच पुटपुटत होता. मी मामांना आणायला शिपाई पाठवला.

शिपायाकडून कळताच मामांच्या आधी नवरीच आली. नागरवाड्यातली, सॉफ्टवेअर इंजिनिअर. शालूचा पदर खोचलेला, स्कूटरवर वडिलांना मागे बसवून.

"याला सोडणार नसाल तर भटजींना इथेच बोलावते," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही कुठला नंबर शोधताय ते दाखवा, साहेब."

मी तेवढा नंबर दाखवला. ती हसायलाच लागली. "शेवटी तीनच आकडे?"

"नंबर लहान असेल."

"तरी पुढे शून्य लावून चारच लिहितात. इथे शेवटचा आकडा टाइप करायचा राहिलाय. जेवढं जुळलं तेवढ्यावरून याला धरलंत."

"मग नोंद करतानाच संगणकाने का नाही सांगितलं?"

"त्याला कुणी शिकवलंच नाही. या रकान्यात तो काहीही घेतो. 'कोथिंबीर' लिहून बघा."

संगणकावरच्या हवालदाराने लिहिलं. संगणक निमूटपणे शहरभर कोथिंबीर शोधू लागला! सगळं ठाणं हसलं, नवरदेवसुद्धा. मी ती नोंद लगेच पुसायला लावली.

"कुठे अक्षर, कुठे आकडा, एकूण किती, हा साचा कोडमध्ये आधीच ठरवून द्यायचा," ती म्हणाली. "त्यात न बसणारं आत घ्यायचंच नाही."

मी शिक्षिकाबाईंना फोन लावला. त्यांनी पूर्ण नंबर वाचून दाखवला. शेवटचा आकडा नवरदेवाच्या गाडीपेक्षा वेगळा निघाला. तेवढ्यात मामाही कागदपत्रं घेऊन धापा टाकत पोचले. मग मी स्वतः जीप पुढे काढली आणि सायरन वाजवत वरात हॉलवर नेली. बँडवाल्यांनी आम्हालाही सलामी दिली.

दुरुस्त नंबर भरल्यावर दुपारीच खरा इशारा आला. चोरासकट गाडी मिळाली. बाईंनी ठाण्याच्या आवारात बॉनेटवर अक्षरशः गाल टेकला.

मी वरिष्ठांना अहवाल पाठवला आणि पुढे यंत्रणेत तो साचा बसवला गेला. अर्धवट नंबर टाकला की पडद्यावर लाल ओळ येई आणि हवालदार स्वतःवरच वैतागे. मला त्या लाल ओळीचं कौतुक वाटायचं. चुकीला दारातच अडवलं, तर निर्दोष माणसाला रस्त्यात अडवावं लागत नाही.